तिठ्यावरचं वाटण

मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे जाताना तळेरे मागे पडलं की कणकवलीच्या आधी नांदगाव लागतं. इथल्या तिठ्यावर देवगड-निपाणी रस्ता महामार्गाला येऊन मिळतो. पश्चिमेकडे वळलं तर शिरगाव, तळेबाजार करत तासाभरात देवगडचं बंदर. पूर्वेकडे गेलं तर फोंडा, मग घाट चढून दाजीपूर, राधानगरी आणि निपाणी. या रस्त्याने मासळी, आंबा आणि नारळ वर जातात. मिरची, कांदा, गूळ आणि भाजीपाला खाली उतरतो. पर्यटक इथे थांबतो तो चहापुरता. 'नांदगाव रोड' स्टेशनवर उतरलेले चाकरमानीसुद्धा रिक्षात बसून आपापल्या वाडीकडे निघून जातात.

'सुट्टीत शिकलेलं' असा विषय संपादकांनी दिला, तेव्हा मालवणकडे बघायचं ठरवलंच होतं. पण तारकर्लीला पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवणाऱ्यांची कमतरता नाही आणि त्यावर लिहिणाऱ्यांचीही नाही. मला वाटण शिकायचं होतं. मालवणी जेवणात मासा बदलतो, कोंबडीच्या जागी काळे वाटाणे येतात, भाकरीच्या जागी वडे येतात. कारभार चालतो तो वाटणावर. म्हणून समुद्राच्या काठावर न उतरता मुद्दाम तिठ्याजवळच्या एका घरगुती निवासात राहिलो. घर काकींचं. आमच्यात जे ठरलं ते सोपं होतं: मी खोलीचे आणि जेवणाचे पैसे द्यायचे, आणि सकाळी स्वयंपाकघरात लुडबुड केली तर त्यांनी हाकलायचं नाही.

घाटावरून आलेला अर्धा स्वाद

मे महिना होता. अंगणात जुन्या साड्या अंथरून त्यावर मिरच्या वाळत टाकल्या होत्या. कोकणात वर्षाचा मसाला याच दिवसांत होतो, कारण जूनमध्ये पाऊस लागला की हवेतला दमटपणा मिरचीत शिरतो आणि पुढचे चार महिने काही वाळत नाही.

अंगणात मिरच्या दोन जातींच्या होत्या. एक लांब, सुरकुतलेली, गडद लाल बेडगी, कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाची. तिला रंग भरपूर, जहालपणा बेताचा. दुसरी संकेश्वरी, निपाणीच्या पलीकडच्या संकेश्वर-गडहिंग्लज पट्ट्यातली. ती तिखट. रश्शाचा रंग बेडगीचा आणि घाम फोडण्याचं काम संकेश्वरीचं, अशी वाटणी. दोघींचं प्रमाण घरागणिक बदलतं, आणि ज्या घरात म्हातारी माणसं वाढली त्या घरात बेडगी वाढते, असं काकी म्हणाल्या.

बाकीची यादी लांब आहे. धने सर्वांत जास्त. मग बडीशेप, खसखस, जिरं, शहाजिरं, मिरी, लवंग, दालचिनी, चक्रीफूल, नागकेशर, दगडफूल, मसाला वेलची, जायपत्री, तमालपत्र, हळकुंड, हिंग. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण खसखस तडतडायला लागते तोवर हळकुंडाला आच पोचलेलीसुद्धा नसते. सगळं गार झालं की डबे भरून डंखावर न्यायचं. गिरणीतलं जातं दळतं आणि दळताना तापतं. डंखाचे लोखंडी मुसळ उखळात वरून खाली आदळतात, म्हणून मसाला कमी तापतो आणि सुगंधी तेलं कमी उडतात. कुटणारा माणूस नाकातोंडाला फडकं बांधून मसाला चाळतो आणि चाळणीवर राहिलेली भरड पुन्हा उखळात ढकलतो. रांगेतली माणसं शिंकत असतात. घरी आल्यावर मसाला बरणीत दाबून भरायचा, मध्ये मध्ये हिंगाचे खडे ठेवायचे, म्हणजे कीड लागत नाही.

आता या यादीतलं कोकणातलं काय? धने, खसखस, बडीशेप, दोन्ही मिरच्या, सगळं घाटावरून किंवा त्याहून लांबून आलेलं. मिरची तर मुळात अमेरिका खंडातली; पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ती या किनाऱ्यावर आणली, आणि मग आत देशावर जाऊन रुजलेली मिरची घाट उतरून पुन्हा किनाऱ्याकडे आली. ज्याला आपण अस्सल समुद्राची चव म्हणतो, तिच्यातली अर्धी बैलाच्या पाठीवरून आणि पुढे ट्रकमधून फोंडाघाट उतरली आहे. म्हणूनच मसाला कुठेही होतो. लालबागच्या मिरची गल्लीत गिरणगावातल्या कोकणी बायकांनी पिढ्यान् पिढ्या हाच मसाला कुटून घेतला, आणि तिथे तो जराही कमअस्सल झाला नाही. नांदगावला येऊन शिकण्यासारखं जे आहे ते बरणीतल्या मसाल्याच्या पुढचं आहे.

आधी मिरची, मग नारळ

काकींच्या मागल्या पडवीत पाटा आहे. काळ्या दगडाचा. भोवतालच्या सगळ्या घरांच्या भिंती जांभ्याच्या, पण जांभ्याचा पाटा होत नाही. तो दगड छिद्रांचा आणि वाटताना झिजून अन्नात उतरणारा. काळा दगडही वर्षभरात गुळगुळीत होतो, मग त्याला टाकी लावावी लागते. छिन्नीने पृष्ठभागावर बारीक टोचे मारत जायचं. टाकी लावणारी माणसं आता पूर्वीसारखी दारावर येत नाहीत. नव्याने टाकी लावलेल्या पाट्यावर आधी तांदूळ किंवा मीठ वाटून फेकायचं, नाहीतर पहिल्या दिवशीच्या आमटीत कचकच लागते.

मिक्सर काकींकडेही आहे. चटणीला, घाईच्या दिवशी, पंधरा माणसांची पंगत असली तर मिक्सरच. तरी माशाच्या आमटीचं कच्चं वाटण त्या पाट्यावर करतात आणि त्याचं कारणही सांगतात.

"मिक्सर कापता. पाटो चिरडता."

खोबऱ्यातलं तेल बारीक पेशींत कोंडलेलं असतं. पातं फिरतं तेव्हा खोबऱ्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे आणखी लहान तुकडे होतात, आणि वेग वाढवला की भांडं तापतं. दगडाखाली त्या पेशी फुटतात. तेल, पाणी आणि खोबऱ्यातली प्रथिनं तिथल्या तिथे एकमेकांत मिसळतात आणि रस्सा मिळून येतो. मिक्सरच्या वाटणात पाणी जास्त घालावं लागतं, नाहीतर पातं अडतं. त्या जास्तीच्या पाण्यामुळे आमटी पातळ दिसते, म्हणून मग लोक जास्त वेळ उकळतात, आणि तिथे ती फुटते.

क्रम ठरलेला आहे. बेडगी आणि धने आदल्या रात्री भिजत घातलेले असतात. आधी पाट्यावर मिरच्या आणि थोडं खडे मीठ. मिठामुळे मिरचीची साल घसरत नाही, तिला पकड मिळते. साल हीच या कामातली अडचण. गर लगेच वाटला जातो, साल लाल कागदाच्या तुकड्यांसारखी शेवटपर्यंत तरंगते. ती दिसेनाशी झाली की धने, हळद, दोन पाकळ्या लसूण. मग खवलेला नारळ, एकेक मूठ. सगळा एकदम टाकला तर तेल सुटून वरवंटा नुसता सरकत राहतो आणि खालची मिरची तशीच राहते. पाणी चुळकाभर.

मी बसलो तेव्हा शेजारणी बघायला आल्या. बाप्या पाट्यावर बसलेला त्या घराने पाहिला नव्हता.

"जोर लावू नको रे, वजन टाक," काकी म्हणाल्या. "हात नाय दुखूक होयो, कंबर दुखूक होयी."

यात विनोद कमी आणि शिकवण जास्त आहे. वरवंटा दोन्ही हातांनी पुढे ढकलायचा तो खांद्यातून नाही. सगळं अंग पुढे झुकवायचं, दगड आपल्या भाराने जातो. परतताना हलक्या हाताने ओढायचा. पुढे जाताना चिरडतं, मागे येताना गोळा होतं. दर चार फेऱ्यांनी तळव्याच्या कडेने वाटण मध्ये ओढून घ्यायचं. झालं की नाही हे डोळ्यांना कळत नाही. चिमूटभर घेऊन अंगठा आणि तर्जनीत चोळायचं. माझी पहिली चिमूट बघून काकींनी मान हलवली.

"ह्यो रवो जालो. गंध होवक होया."

गंध म्हणजे देवाला लावतो ते, सहाणेवरून उतरलेलं. तितकं मऊ. तिथवर पोचायला एका नारळाला अर्धा-पाऊण तास लागतो. वाटण काढून झाल्यावर पाट्यावर पाणी घालून, तळव्याने निपटून, ते लालसर पाणीसुद्धा टोपात जातं. ते टाकून देणारी सून कशी असते, यावर शेजारणींनी बराच वेळ चर्चा केली.

मापाचं विचारून पाहिलं. "माप खंयचा? नारळ बघूचो आणि घालूचा," एवढंच उत्तर. हे टाळाटाळीचं उत्तर वाटतं, पण ते नेमकं आहे. कोवळ्या नारळात पाणी जास्त, जून नारळात तेल जास्त. एका नारळाला चार मिरच्या की आठ, हे नारळ फोडल्याशिवाय ठरत नाही. पुस्तकातलं 'एक वाटी ओलं खोबरं' हे माप हा फरक धरत नाही, आणि पुस्तक वाचून केलेली मालवणी आमटी कधी साधते, कधी फसते, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

उकळी आणि तिरफळ

देवगडहून सकाळी बांगडे आले होते. १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते, त्यामुळे मेच्या अखेरीस ताज्या बांगड्याला सगळीकडे मागणी. वाटण टोपात सैल केलं, मीठ, चार-पाच आमसुलं, आणि मंद आच. फोडणी नाही. बारीक उकळी आली की तुकडे सोडायचे आणि त्यानंतर टोपात डाव घालायचा नाही. टोपाचे काठ फडक्याने धरून टोपच गोल हलवायचा, म्हणजे मासा मोडत नाही. खळखळून उकळू द्यायचं नाही, कारण नारळाच्या दुधातलं तेल ज्या प्रथिनांनी धरून ठेवलेलं असतं ती ऐंशी अंश सेल्सियसच्या आसपास बिघडू लागतात. मग तेल वर, पाणी खाली. स्वयंपाकघरात तापमापक नसतो. काकी टोपाच्या कडेकडे बघत असतात. कडेला बुडबुडे, मध्ये शांत, तिथे जाळ मागे ओढायचा.

बांगडा असेल तर तिरफळ हवंच. सुरमईला ते लागत नाही, पापलेटाला तर नाहीच. बांगड्याच्या आणि तारलीच्या तेलकट, उग्र वासाला तेच आवरतं. झाड काटेरी, खोडावर शंकूच्या आकाराचे जाड काटे, त्यामुळे फळं काढायला चढणारा माणूस सहज मिळत नाही. हिरवे घोस काढून वाळवले की फळ उकलतं आणि आत काळी चकचकीत बी दिसते. बी फेकून द्यायची, ती दाताखाली वाळूसारखी येते. वापरायची ती साल. सातआठ साली वरवंट्याच्या टोकाने जराशी ठेचून शेवटी टोपात. बारीक वाटलं तर आमटी कडवट होते.

हे चीनमधल्या सिचुआन मिरीचं भावंड. दोन्ही एकाच कुळातली, दोन्हींनी ओठ झिणझिणतात. सिचुआन मिरीच्या या झिणझिण्यांचा अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी केला होता आणि २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला: मिरी लावलेल्या ओठांना सेकंदाला सुमारे पन्नास कंपनांसारखं काहीतरी जाणवतं, असं त्यांना आढळलं. काकींना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या ताटात आणखी एक बांगडा वाढला.

रातांब्याचा हिशेब

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. मिळालं ते बरं झालं, पण परसातल्या रातांब्याला, म्हणजे कोकमाच्या झाडाला, त्याने काही फरक पडलेला दिसला नाही. फळं पिकतात एप्रिल-मेमध्ये, म्हणजे मसाल्याची, लग्नांची, आंब्याची आणि पाहुण्यांची गर्दी असते तेव्हाच. फळ फोडायचं, बिया आणि गर वेगळा करायचा, त्यात मीठ घालून रस सुटू द्यायचा. साली दिवसा उन्हात, रात्री त्या रसात. पुन्हा ऊन, पुन्हा रस. अशी पुटं चढत गेली की साल काळीभोर आणि मऊ होते; हीच सोलं किंवा आमसुलं. मध्येच वळवाचा पाऊस आला तर सगळ्यांना बुरशी. मीठ घालून टिकवलेला रस म्हणजे आगळ, तो बाटल्यांत. बियांचं तेल काढून त्याचे गोळे करतात, तेच मुठेल. थंडीत फुटलेल्या टाचांना मुठेलासारखं औषध नाही.

रोप लावणाऱ्याला एक जुगार खेळावा लागतो. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि बीपासून वाढवलेलं रोप कोणतं ते फुलं येईपर्यंत, म्हणजे सहासात वर्षं, कळत नाही. नर निघालं तर फळ नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' या जाती काढल्या आणि कलमं करून हा प्रश्न सोडवला. पण परसातलं झाड बहुतेक ठिकाणी आपोआप उगवलेलंच असतं.

सोलकढीला विस्तव दाखवायचा नाही. नारळाचं पहिलं जाड दूध, मग पाणी घालून दुसरं. लसूण, हिरवी मिरची आणि मीठ ठेचून, आणि आगळ शेवटी, जेवायच्या थोडं आधी. आंबटाने दुधातली प्रथिनं आकसतात, म्हणून फार आधी करून ठेवली तर खाली पाणी आणि वर थर असं होतं. रंग फिकट जांभळट गुलाबी असतो. खानावळीत कधीकधी जो भडक गुलाबी पेला समोर येतो, त्याचा रंग रातांब्याच्या अंगचा असेल असं मला वाटत नाही. नारळ नसला, किंवा परवडला नाही, तर कोकमाच्या पाण्यात हिंग-लसूण-मिरची घालून फुटी कढी. भाताबरोबर मला तीच जास्त आवडली.

    

भाजक्याचं वेगळं गणित

कोंबडी, मटण, मोरी मासा आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं यांना कच्चं वाटण चालत नाही. कांदे अख्खे, सालासकट, चुलीच्या निखाऱ्यात खुपसायचे. वरची साल कोळसा होते, आतला कांदा शिजून गोड होतो. खोबऱ्याची वाटी उलटी निखाऱ्यावर, किंवा किसून तव्यावर. गॅसवर पाहुण्यांसाठी करताना काकी दोन्ही तव्यावरच भाजतात आणि चव निम्मी उतरते हे स्वतःच सांगतात. खोबरं बदामी झालं की लगेच खाली उतरवायचं. तापलेल्या तव्यात ते आपोआप पुढे जातं आणि कडू होतं. या वाटणाला गंधासारखं वाटायची गरज नाही, थोडा कण चालतो, आणि ते दोन दिवस टिकतंही. भाजताना पाणी उडालेलं असतं. कच्चं वाटण उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबतं.

विकता येतं ते आणि येत नाही ते

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून घरगुती निवास आणि खानावळी वाढत गेल्या, महामार्ग रुंद झाला, बचत गटांच्या बायकांनी मसाल्याची पाकिटं, आगळाच्या बाटल्या, कुळथाचं पीठ विकायला घेतलं. हे चांगलं झालं. पाकिटावर वजन असतं, किंमत असते, परवान्याचा क्रमांक असतो. पण वाटण पाकिटात बसत नाही. अमेरिकेतली मराठी घरं गोठवलेलं खोबरं वापरून रस्सा करतात, तो वाईट होत नाही. तरी तिथेही मिरचीची साल कधी दिसेनाशी होते आणि टोपाची कडा कधी बघायची, हे कुणीतरी जवळ बसून दाखवलेलं असावंच लागतं.

आणि नेमकं हे दाखवणं फुकट आहे. मी होतो त्या दिवसांत मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांची येजा चालू होती. जेवण झालं की मोबाइल काढून "काकी, जरा दाखवा ना कसं करता" असं म्हणायचं, व्हिडिओ घ्यायचा, गाडीत बसायचं. काकी तेवढ्यासाठी पुन्हा पाट्यावर बसत. मासळीच्या थाळीचा दर ठरलेला, खोलीचा ठरलेला, एसी लावला तर वेगळा. वाटण शिकवण्याचा दर कुठल्याच फलकावर नाही. काकींना विचारलं तर त्या हसल्या.

"शिकवूचे पैशे कसले रे?"

गोव्यात आणि केरळात स्वयंपाक शिकवण्याचे वर्ग पर्यटकांकडून चांगले पैसे घेतात, आणि पर्यटक ते कुरकुर न करता देतात. तिथे शिकवणाऱ्याच्या अंगावर पांढरा कोट असतो, इथे पडवीत पाटा असतो, फरक इतकाच. स्कूबा शिकवणाऱ्याला कुणी 'जरा दाखवा ना' म्हणत नाही. पहाटे उठून पाहुण्यांचा नाश्ता, दुपारची थाळी, मधल्या वेळात मिरच्या आणि सोलं उन्हात, आणि या सगळ्यात अर्धा-पाऊण तास पाट्यावर घालवून जे दिलं जातं, त्याची किंमत शून्य धरणं हा हिशेब चुकीचा आहे. यात काकींच्या घरातल्यांचाही वाटा आहे. "दाखव गे तेंका" असं आतून ओरडून सांगणारे घरातलेच असतात.

निघताना मी शिकवणीचे पैसे वेगळे दिले. काकींनी ते घेतले नाहीत, सुनेने घेतले. सून पदवीधर आहे, घराच्या बुकिंगचे फोन तीच घेते. पुढच्या हंगामात दरफलकावर एक ओळ वाढवायची असं तिने ठरवलं आहे: एक सकाळ, एक नारळ, दोन वाटणं, जास्तीत जास्त चार माणसं. रक्कम अजून ठरलेली नाही, कारण सासूबाईंचं म्हणणं निम्मी ठेवावी असं आहे.

दिवाळीनंतर तुमच्यापैकी बरेच जण कोकणात उतरतील. तेव्हा नवे नारळ असतील, बांगडाही असेल. रातांबे आणि मसाल्याचं काम बघायचं असेल तर मात्र पाऊस लागण्याआधी, मेच्या मध्यापर्यंत जायला हवं. जिथे राहाल तिथे पाटा आहे का ते विचारा, एक सकाळ मागून घ्या, आणि शिकवण्याचे किती घेणार हे मोबाइल बाहेर काढायच्या आधी विचारा. "पैशे कसले" असं उत्तर आलं तरी द्या.